मित्राला फलाटावर न सोडल्याचा दाखला

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, साकोली, जि. भंडारा.

अर्जदार : प्रीतम भैयालाल नान्हे, रा. सानगडी

विषय : अर्जदाराने आजारी मित्राला रेल्वे फलाटावर सोडले नव्हते, असा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : गावात पडदा लावून दाखविण्यात आलेला चित्रपट.

महोदय,

१. अर्जदार हा तलावात मासे धरणाऱ्या घरातला. गावचाच मित्र खुशाल याच्यासोबत तो पुण्याला एका गोदामात खोकी चढवायला गेला होता. तेथे एक दिग्दर्शक त्यांच्या खोलीत राहायला आले. खेड्यातली पोरे शहरात कशी जगतात ते जसेच्या तसे दाखवायचे आहे, असे म्हणाले. अर्जदाराने भाबडेपणाने स्वतःची चटई दिली व पोटातले सगळे सांगितले. पुढे ते गावी आले आणि अर्जदाराचे घर, तलाव, चुलीपुढे बसलेली आई रेवताबाई, सारे टिपून गेले.

२. चित्रपटात तापाने फणफणलेल्या मित्राला फलाटावर निजवून नायक कामाची पाळी गाठायला निघून जातो व मित्र मरतो. नायकाचे नाव प्रीतम, गाव सानगडी. प्रत्यक्षात खुशालच्या डोक्यात ताप चढला तेव्हा अर्जदाराने नोकरीवर पाणी सोडले, दवाखान्यात त्याचे सर्व केले व मांडीवर डोके घेऊन त्याला गावी आणले. फोन केला असता दिग्दर्शक म्हणाले, "शेवट लोकांच्या मनाला लागायला हवा." तो लागला आहे.

३. खुशाल जिवंत आहे हे गावाला रोज दिसते. त्यामुळे मरण तेवढे खोटे, बाकी खरे, असे गावाने ठरवून टाकले. कारण घर खरे, तलाव खरा, रेवताबाईही खरी. खुद्द तिनेच विचारले, "खरं सांग बाप्पा, तू त्याले सोडून गेलता काय?" तेव्हापासून अर्जदाराला घरात जेवण गोड लागत नाही.

४. मोठे जाळे ओढायला दोन टोकांना दोघे लागतात. खोल पाण्यात जो सोडून पळणार नाही त्याच्याच हाती दुसरे टोक द्यायचे, अशी तलावावरची रीत आहे. अर्जदाराच्या जाळ्याचे दुसरे टोक लहानपणापासून खुशालचे. चार लोकांत खरे सांग, अशी त्याला विनवणी केली असता तो म्हणाला, "मी त बेसुद होतो. शिनेमात पायलं तेवढंच मले आठवते." एवढे बोलून तो तलावावरच्याच मारोतरावांचे जाळे ओढायला गेला. दिग्दर्शक परका माणूस होता. खुशालने असे करायला नको होते.

५. असा दाखला निघत नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे. परंतु हयातीचा निघतो, रहिवासाचा निघतो, तसा हाही काढावा. नियमात बसत नसल्यास खुशालला एकदा समोर बोलावून खरे काय घडले ते आपण सांगावे. अर्जदाराचे त्याला पटत नाही, साहेबांचे पटेल.

तलाव आटण्याआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपल्या शब्दावर आशा ठेवून असलेला,
(सही)
प्रीतम भैयालाल नान्हे
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : काही नाही. दवाखान्याचे कागद अर्जदाराने गावी येताच खुशालच्या आईजवळ जपून ठेवायला दिले होते. ते मागायला गेला असता दार उघडले नाही.