दुसऱ्या पानावरचा परिच्छेद

केरी, पेडणे
९ जुलै २०२४

ती. विनोदिनी आतेस,
देवेशचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की माझं गुपित तेरेखोलच्या फेरीबोटीपर्यंत पोचतं, म्हणून हे पत्र. कॉलेज सोडलं म्हणून मागच्या पत्रात तू मला झाडलंस, ते वाचलं. परत जाणार नाही. मांद्र्याच्या गेस्टहाऊसात काम मिळालंय, बाबा मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतात, घर चाललंय.

आता खरी गोष्ट. गावात संशोधनवाली मंडळी आली आहेत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बाईच्या रक्तावरून ओळखता येईल का, ते शोधतायत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले शिपाई. रोग आत शिरला की त्यातले कुठले वाढतात, कुठले घटतात, कुठले थकून नुसतेच उभे राहतात, ते यंत्रावर मोजायचं. हे मला पूजाने सांगितलं. ती त्यांच्याकडे काम करते, तुमच्या डिचोलीचीच आहे. ती बोलायला लागली की मला पेशीसुद्धा आवडायला लागतात. हसू नकोस.

बायका येतच नव्हत्या. दोन दिवस ती देवळाच्या मंडपात एकटी बसून होती, मला बघवेना. घरोघर फिरून अकरा जणी आणल्या, आईला सगळ्यात पुढे. सही घेण्याआधी दोन पानांचा कागद वाचून दाखवावा लागतो. पूजा रक्त काढण्यात गुंतलेली, बायकांनी चष्मे आणलेले नाहीत, मग मीच वाचला, तू शाळेत वाचायला लावायचीस तसा खणखणीत. जाताना ती म्हणाली की तू नसतास तर यादी कोरीच राहिली असती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आईचा दंड थोडा दुखतोय, बाकी ठीक.
कितीही रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा देवेश


डिचोली
१९ जुलै २०२४

चि. देवेश यास,
अनेक आशीर्वाद.

पेशींवर जीव जडलेला मुलगा आपल्या घराण्यात पहिलाच. त्या मुलीचं घर कुठे ते मी शोधणार नाही. शोधलं तर तू रोज माझी विचारपूस करायला डिचोलीत येशील.

थट्टा पुरे. तुझी आई मे महिन्यात माझ्यापाशी एक गोष्ट बोलली, जी बायका मुलांना सांगत नाहीत. तिचं महिन्याचं थांबून चार वर्षं झाली, तरी मधूनच रक्त दिसतं. एकवीस वर्षांच्या भाच्याला हे लिहायला मला अवघड होतंय, पण भिकाजी, तुझा बाप आणि माझा भाऊ, असल्या गोष्टी ऐकून न ऐकल्यासारख्या करतो. पेडण्याला आरोग्य केंद्रात मंगळवारी बायकांची आतून तपासणी होते, डॉक्टरही बाईच असते. दोन महिने समजावून तुझ्या आईला, कमलला, मी कशीबशी तयार केली आहे. तीस तारखेच्या मंगळवारी मी बसने येते, दोघी जाऊ. तू तिला पेडण्याच्या स्टँडवर आणून सोड, एवढंच.

डोकं थंड ठेव, आणि म्हातारीला विसरू नकोस.
तुझी आते


केरी
२४ जुलै २०२४

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान तापले. आईला सरळ विचारायला जीभ उचलली नाही. एवढंच सांगितलं की तुला आणि आतेला ज्या रोगाची भीती वाटतेय, त्याच्याचसाठी तू रक्त दिलंस. पंधरा दिवस झाले, फोन नाही. काही असतं तर एवढी शिकलेली माणसं गप्प बसली असती का? आई इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मंगळवारसाठी काढून ठेवलेली साडी तिने परत कपाटात ठेवली. म्हणाली, त्या टेबलावर झोपायचं टळलं.

तेव्हा तू बस धरू नकोस. इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, आणि नवं शास्त्र आलं तर त्याच्यावर विश्वास नाही? आईला रांगेत उभी करून तिची लाज काढलेली मला चालणार नाही, स्पष्ट सांगतो.

पूजाची मंडळी आता दुसऱ्या गावात आहेत. रविवारी मोटरसायकलने जातो.
जास्त बोललो असेन तर पोटात घाल.
देवेश


डिचोली
२ ऑगस्ट २०२४

चि. देवेश यास,
आशीर्वाद.

मी आले नाही. तुझ्या भाषेचा राग आला, पण तुझं म्हणणं वाचून हायसंही वाटलं. इतक्या बायकांचं रक्त तपासतात तर त्यांना कळलंच असणार. कमलला सांग, गणेशचवथीला नेवऱ्या तळताना माझी वाट बघ.

सुखी राहा, अधूनमधून लिहीत जा.
आते


केरी
१७ जानेवारी २०२५

ती. आते,

मायना लिहायला सुचत नाही. बाबांनी शेजारच्या परेशच्या हाती निरोप पाठवला होता, तो तुला मिळाला असेल. आईला तोच रोग आहे. डिसेंबरात न्हाणीघरात रक्त थांबेना, तेव्हा मोठ्या इस्पितळात नेली. तुकडा काढून तपासला. तिसरी पायरी म्हणाले. ऑपरेशन होणार नाही, किरणांचा शेक आणि सलाईनमधून औषध. डॉक्टरबाईंनी विचारलं, रक्त कधीपासून जात होतं? आई म्हणाली, गेल्या उन्हाळ्यापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी तसाच पणजीला त्या संशोधनवाल्यांच्या हापिसात गेलो. टेबलावर मूठ आपटली, काच फुटली. आईचं रक्त घेऊन तुम्ही गप्प बसलात म्हणून ओरडलो. पूजा आतून आमच्या गावाचे कागद घेऊन आली आणि तिने दुसरं पान माझ्यापुढे धरलं. त्यात लिहिलंय की हे फक्त संशोधन आहे, कुणाचाही निकाल कळवला जाणार नाही, रक्त दिलं म्हणून नेहमीची तपासणी टाळू नये, आणि त्रास असेल तर ताबडतोब डॉक्टरकडे जावं. अकराही कागदांवर खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

आते, तो परिच्छेद मी वाचला नव्हता. मला दिसला होता. पहिलं पान संपेपर्यंत दोघीजणी भाताचं बघायला उठायला लागल्या होत्या. निकाल मिळणार नाही म्हटलं तर सगळ्याच उठतील आणि पूजाची यादी अर्धी राहील, असं वाटलं. तो सोडून मी सरळ खाली सही कुठे करायची ते दाखवलं. पुढे मलाच त्याचा विसर पडला, की मी पाडून घेतला, माहीत नाही.

वाचून दाखवायचं काम पूजाचं होतं. तिने साहेबांना आपणहून सगळं सांगितलं, तिला कामावरून काढलंय. माझ्याकडे न बघता तिने विचारलं की आई जेवते का.

आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की माझ्या देवेशने वेळेवर रक्त तपासून घेतलं होतं, माझंच नशीब वाईट. ते ऐकवत नाही. तिला सांगू की नको?
देवेश


डिचोली
२४ जानेवारी २०२५

चि. देवेश,

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण चवथीला कमल अर्ध्या नेवऱ्या टाकून कंबर धरून बसली, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि गप्प राहिले. त्रेसष्ट वर्षांत मी स्वतः ती तपासणी कधी केली नव्हती. त्या मंगळवारी डॉक्टरबाई मलाही झोप म्हणाली असती. तुझं पत्र आलं आणि मी सुटले, हे खरं. या मंगळवारी इथल्या केंद्रात जाऊन आले. दहा मिनिटं लागली.

कमलला सांगायचं की नाही ते मी ठरवणार नाही. पण बाकीच्या दहाजणी अजून फोन आला नाही म्हणून निर्धास्त बसल्या असतील. आधी त्यांच्याकडे जा. कोणी मारलं तर मार खा, हात उचलू नकोस.

तुझ्यावरची माया आज रागाखाली आहे, पण आहे.
आते


केरी
९ फेब्रुवारी २०२५

ती. आतेस,
सा. न. वि. वि.

दहाही घरी गेलो, दोन्ही पानं पूर्ण वाचली. प्रभावतीकाकीने ऐकून घेतलं आणि दार लावलं. कृष्णनाथने कॉलर धरली, दोन दिल्या. मी हात खाली ठेवले. सातजणी तपासून आल्या. त्यातल्या कृष्णनाथच्या बायकोला पुन्हा बोलावलंय, तुकडा घेणार आहेत. तिघी येत नाहीत म्हणतात, त्यांच्याकडे परत जाईन.

शेवटी काल संध्याकाळी घरी वाचलं. आई बाजेवर होती. मी पायथ्याशी बसून पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. संपल्यावर तिने विचारलं, तेव्हा यातलं काय वाचलं नव्हतंस? मी तिचं बोट धरून त्या ओळींवर ठेवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं, हळू.

"हे वाचलं असतंस तर त्या मंगळवारी मी पेडण्याला गेले असते."

आवाज चढवला नाही, रडली नाही. पेज मागितली. मी आणली तर म्हणाली, खाली ठेव, मी घेते. वाकून तिने स्वतःच घेतली, मला भांडं धरू दिलं नाही.

उद्या शेकासाठी न्यायचं आहे. मी येणार म्हटलं तर तिने बाबांना सुट्टी घ्यायला सांगितलं. घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. तू येऊन थोडे दिवस तिच्यापाशी राहा. तिला तुझ्याशी बोलायचं असेल.

माझ्या वाट्याची जी काही माया असेल, ती सध्या तिला दे.
देवेश