बर्फावर वळलेली मान

हिल्केबाई,

मागून गाडीचा धक्का बसल्यापासून माझी मान वळत नाही, असं मी तुमच्या विमा कंपनीला कळवलं होतं. तुमचा विश्वास बसला नाही. पण खरंच वळत नव्हती हो. आज इतक्या वर्षांनी कालवा गोठला, अख्खं गाव कामं टाकून बर्फावर उतरलं आणि मीही स्केट्स बांधून सुसाट सुटलो. मागून हाक आली, "वीब्रेन!" मी गर्रकन मान वळवली, तर मागे तुम्ही.

"वळली की," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे दावा नामंजूर?"

"कालवा गोठलाय, आज कसली कचेरी? चला, पुलापर्यंत शर्यत."

तुम्ही जिंकलात, दोन्हीकडे. दावा मागे घेतोय. फक्त हे पत्र बर्फ वितळल्यावर टाकीन, आणि तो वितळू नये म्हणून देवाला साकडं घातलंय.

उद्या पुलापाशी वाट पाहणारा,
वीब्रेन