बिडकीनच्या माणसाचा पट्टा

गुरुवार, दिवेलागण. मुकुंदवाडी.

आज शेरूला न्यायला बिडकीनचा माणूस आला होता. कुत्र्यांचं रेस्क्यू करणाऱ्या शबानाआपांनी पाठवलेला. गाडीखाली आलेला शेरू त्यांनीच माझ्या गच्चीवर ठेवलाय, पाय बरा होईस्तोवर.

माणूस गोड बोलत होता. "शेतात मोकळा राहील. लेकरावाणी ठेवू." याआधी कुत्रं होतं का? "नाय, हे पहिलंच." मग हातातला पट्टा जुना कसा? आतून मऊ पडलेला, बकलात पांढरे केस अडकलेले. कुणाच्या गळ्यात होता तो?

सरळ विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "होता एक. साप चावून मेला. खरं सांगितलं तर तुमी लोक देत नाय."

हे तरी खरं, की हीपण थापच? आपांना फोन केला तर त्या हसल्या. "इतका शक करशील तर सगळी कुत्री तुझ्याच गच्चीवर म्हातारी होतील, बेटा."

आज मी शेरूला दिलं नाही, तेव्हा उद्या येतो म्हणून तो माणूस पट्टा इथंच ठेवून गेलाय. ते पांढरे केस अजून तसेच आहेत. खोटारडा माणूस ते आधी काढून टाकणार नाही का?

शेरू आताच धडाधडा जिना चढून आला. सकाळी आपांना फोन करून सांगते, अजून लंगडतोय.