हिम्मतकाकांच्या टीव्हीपर्यंत

२ जून, सकाळ
वरच्या मजल्यावरची प्रणिता स्वतः खाली आली. म्हणाली, विक्रम, आतल्या खोलीतला कंप्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडून दे ना. रविवारी घरी कार्यक्रम आहे, तुला यातलं कळतं. तुला! अख्ख्या बरकतपुऱ्यात मी! कसला कार्यक्रम ते विचारलं नाही. मला बोलावलं, पुरे. इंजिनिअरिंग मधेच सोडलं म्हणून टोमणे मारणाऱ्या आईने सगळं ऐकलं. म्हणाली, आधी आपला मिक्सर बघ.
ठराव : रविवारपर्यंत टीव्ही जोडायचा. त्याच दिवशी मनातलं बोलून टाकायचं.

३ जून
केबल आणायला आबिड्सच्या बाजारात. दुकानदार म्हणतो, नाप लेके आये क्या मियाँ? भिंतीच्या कडेने सुतळी धरून मोजायचं म्हणे. मला नजरेने कळतं. भडकलोच. त्याने गुपचूप दहा मीटर केबल दिली. यांच्याशी असंच बोलावं लागतं.

संध्याकाळ
केबल फ्रिजपर्यंत पोचली. टीव्ही पलीकडच्या भिंतीवर. दोष माझा नाही, मधे दाराची चौकट येते हे कुणी सांगितलंच नाही. प्रणिताचे वडील हिम्मतकाका म्हणाले, लेका, टीव्हीच फ्रिजवर ठेवावा का? विनोदी माणूस. सासरा म्हणून चालेल.

४ जून
पुन्हा आबिड्स. दुकानदार हसला. मी नाही. म्हणाला, इत्ते लंबे में सादी केबल दम छोड देती, ऑप्टिकलवाली लेव. घेतली, वीस मीटर. अंदर का कागज पढ लेव भाई, म्हणे. थर्ड इयरपर्यंत शिकलेल्या माणसाने कागद वाचायचा!

६ जून
कालपासून क्लिपा ठोकतोय. चौकटीवरून, देव्हाऱ्याखालून, कपाटामागून. एकदम सुबक. प्रणिताने दोनदा चहा दिला, दुसऱ्यांदा बिस्किटं पण. प्रगती आहे.
टीव्ही : नो सिग्नल.
टीव्ही गेलाय. काकांना स्पष्ट सांगितलं, नवा घ्या.

७ जून
प्रणिताने प्लग हातात धरला नि म्हणाली, अरे, यावर टीव्ही लिहिलंय आणि तू कंप्युटरला लावलायस. ही केबल एकाच दिशेने चालते म्हणे. कंपनी मूर्ख आहे. सगळी उपटून उलटी ठोकली. रंगाचे पोपडे निघाले. काका म्हणाले, काय करायलास रे, उद्या पाहुण्यांसमोर भिंत दाखवायची का पोरगी? गंमत करत असणार.
चित्र आलं! प्रणिताने टाळ्या वाजवल्या. उद्या बोलणार. पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय.

८ जून, रविवार
पाहुणे टीव्हीतून आले. पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर. मुलगा कौस्तुभ, नोकरी पक्की, शेजारी आईवडील. बघण्याचा कार्यक्रम. हॉलमध्ये टीव्हीवर बसवलेल्या कॅमेऱ्यासमोर सगळं खानदान सोफ्यावर, मधे प्रणिता, साडीत. मला आत कंप्युटरपाशी बसवलं, कॉल तुटला तर बघ म्हणून. वायर ओढावी असं मनात आलं. तेवढ्यात त्यांचा आवाज आपोआप गेला. हॉलमधून प्रणिता ओरडली, विक्रम, लवकर बघ ना! बघितलं. आला.
मुलाच्या आईने विचारलं, चित्र किती छान दिसतंय, कुणी जोडलं? काका म्हणाले, खालचा पोरगा आहे, वायरिंगचं बघतो.
कॉल संपल्यावर प्रणिता आत आली. दोघंच होतो. तिने हळूच विचारलं, कसा वाटला रे?
म्हणालो, आवाज क्लिअर होता.