लाल डागावर

सूनबाई,

तू लेकीला आणि नवऱ्याला घेऊन गेलीस, त्याला आज अकरा दिवस झाले. तुझ्या सासऱ्यांची लकव्याने गेलेली बाजू तशीच आहे, पण माकडहाडावरचा तो लाल डाग आता डाग राहिला नाही. कातडी फाटली. बोटाचं पेर बुडेल एवढी जखम आहे, आणि ती मी केली.

तू म्हणाली होतीस, "आई, लाल झालंय तिथे चोळू नका. आजूबाजूला हलकं तेल लावा आणि दर दोन तासांनी कूस बदला."

मी म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची अंगं रगडून घर चालवलं. तू कालची नर्स मला मालिश शिकवतेस?"

त्या बोलण्यावरून तू घर सोडून गेल्यावर हट्टाने त्याच डागावर अंगठा दाबून रगडलं. त्यांना बोलता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं, तर मी म्हटलं, बघा, रक्त खेळायला लागलं!

आता चोळणं बंद केलंय. पण कूस बदलायला मी एकटी. ओढायला गेले की चादर घासून आणखी सोलवटतं. जखमेला वास येतो. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत पोचली तर माणूस हातचा जाईल. मुलाला मात्र फोनवर "बरं चाललंय" सांगते.

माफी मागायला जीभ वळत नाही, हे पत्र टाकायला पाय निघत नाही. तरी तू ये. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर शिव्या घाल. चादरीची दुसरी बाजू तेवढी धर.

तुझ्या लेकीची आजी