शुभेच्छुकांत घोडा

लोधिवली,
१९ जानेवारी

चि. सौ. पदूस,

शकूताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तिकडचं तू काही कळवत नाहीस, तेव्हा तिकडेही सगळे बरेच असणार, असं मीच ठरवून टाकलं आहे. तुझे दाजी गुडघ्याला तेल चोळत पडवीत बसले आहेत आणि मी काय लिहिते ते मान उंच करून बघताहेत.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस म्हणून हा खटाटोप. आधी मला ते कळलंच नाही. तुझ्या फोटोच्या जागी नुसता राखाडी गोळा दिसायला लागला, तेव्हा वाटलं, केस रंगवायचे राहिले म्हणून काढला असशील फोटो. शेवटी ऋषिकेश म्हणाला, "आई, मावशीनं तुला ब्लॉक केलंय." फोनही तू उचलत नाहीस. म्हटलं, बघू पोस्टमनला कशी ब्लॉक करते ते. चौक गावच्या पोस्टात जाऊन पाकीट मागितलं, तर तिथला माणूस म्हणाला, "मावशी, राखीपौर्णिमेला अजून टाइम हाय."

आता मुद्द्याचं. ती बातमी तू पाहिली आहेस हे उघड आहे. पण पदू, आपली नमू पंचायत समितीला उभी राहिली याचा आनंद मला तुझ्याइतकाच आहे. खरं तर काकणभर जास्तच, कारण तिला या बाजूला दिली ती मी मध्ये पडले म्हणून. तू तर म्हणत होतीस, हायवेच्या कडेचं गाव, पोरीला धूळ खायला लागेल. आज त्याच धुळीत तिचे फ्लेक्स उभे आहेत.

बातमी देणारा तो प्रीतम. नाक्यावर मोबाईल दुरुस्त करतो आणि त्याच टपरीतून 'खालापूर गर्जना' नावाचं यूट्यूब चॅनेलही चालवतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला साधं काही सांगताच येत नाही. गेल्या आठवड्यात नळाला पाणी आलं नाही, तर ह्याची बातमी 'लोधिवलीत हाहाकार'. आणि माझ्यावर काय? 'खळबळजनक! नम्रताताईंना घरचा आहेर! सख्ख्या मावशीचा आघाडीत जाहीर प्रवेश!' मागून ढॅण ढॅण संगीत, आणि माझा फोटो असा की डोळे मिटलेले. तेरा दिवस झाल्यासारखी दिसते मी त्यात.

खरं काय झालं ते ऐक. नमूच्या विरोधात उभ्या आहेत त्या समीक्षाताईंनी समाजमंदिरात हळदीकुंकू ठेवलं होतं. हळदीकुंकवाला कुणी पक्ष विचारून जातं का? सवाष्णीला बोलावणं आलं, सवाष्ण गेली. तिथे माइकवरून सांगितलं की आचारसंहिता लागली आहे, त्यामुळे यंदा वाण नाही. बायकांचे चेहरे उतरले. मग एका मुलीनं माझ्यासमोर जांभळं कापड धरलं, छान इस्त्रीची घडी केलेलं. मला वाटलं, लपूनछपून ब्लाउजपीस देताहेत. मी घडी मोडून बघेपर्यंत ते माझ्या गळ्यात, आणि प्रीतमचा मोबाईल माझ्या नाकासमोर. "मावशी, हिकडं बघा." बघितलं. एवढाच माझा जाहीर प्रवेश.

तुझ्या दाजींनी घरी आल्या आल्या विचारलं, "ब्लाउजपीसवर निवडणुकीची निशाणी असती व्हय गं?" मी म्हटलं, हल्ली कशावरही काहीही छापतात.

बाकी नमूचा नाक्यावरचा फ्लेक्स पाहिला. मोठा आहे. खूप माणसं आहेत त्यात. माथेरानचा गोमा आहे, त्याचा घोडापण आहे. छान आहे.

ऋषिकेश शुक्रवारी भिवपुरीला येतोय, त्याच्याबरोबर तिळाचे लाडू पाठवते. गूळ किंचित कडक झाला आहे, दातांनी जपून खा. डबा परत पाठव. रिकामा पाठवायचा नसतो हे तुला सांगायला नको.

नमूला यशस्वी भव म्हणावं.

तुझी,
बातमीतली नव्हे, खरी
शकूताई


लोधिवली,
२७ जानेवारी

पदू,

आशीर्वाद नंतर. डबा आला.

रिकामा! घासून, पुसून, कोरडा करून रिकामा! मी झाकणाखाली बघितलं, डबा उलटा करून आपटला, तुझे दाजी म्हणाले, "त्यातनं काय उंदीर निघणार हाय का?" आपल्या आईनं घरात दाणा नसताना शेजारणीच्या वाटीत साखरेची चिमूट टाकून ती परत केली. आणि तू, पावर हाऊसच्या पेन्शनीत बसून, मोठ्या बहिणीला रिकामा डबा धाडलास. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. दाजींना ते आवडलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी आपण होऊन चहा केला.

मग ऋषिकेश जरा चाचरत म्हणाला की तू निरोपही दिला आहेस: "तिला सांग, ब्लाउजपीस कुनी गळ्यात घालत नाय."

पदू, लहानपणी मी डब्यातलं खोबरं खाऊन मांजरावर ढकलायचे, तेव्हाही तूच म्हणायचीस, मांजराच्या तोंडाला पांढरं लागलेलं नाय. तुझी ही सवय गेली नाही. बरोबर आहे तुझं. घडी पुढे आली तेव्हाच मला कळलं होतं ते काय आहे. कोपऱ्यात निशाणी होती, आणि चष्मा मी लावलेला होता. उपरणं मी घालून घेतलं. घरी येईपर्यंत काढलंही नाही. पिठाच्या गिरणीवरून, दुधाच्या डेअरीवरून, मुद्दाम लांबच्या वाटेनं आले.

का ते सांगते. हसलीस तर माझ्या कानावर येऊ देऊ नकोस.

त्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची रांग आहे. नमूचे सासू-सासरे आहेत, दीर आहेत, ठीक. तुम्ही दोघं आहात. तुझा मनोज बहिणीच्या फ्लेक्सवर काळा चष्मा लावून फोन कानाला धरून आहे, जणू मुख्यमंत्री त्याला विचारूनच सगळं करताहेत. त्याची रिया आहे, अजून धड चालत नाही, पण तिच्याखाली 'युवा नेतृत्व'. आणि जावईबापूंचा दोस्त म्हणून तो गोमा. त्याला एकट्याचा फोटो मिळाला नसावा, कारण त्याच्या खांद्यावर घोड्याचं अर्धं तोंड आलं आहे. मी नाक्यावर भाजीची पिशवी घेऊन उभी राहिले आणि डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे सगळे चेहरे बघितले. पदू, नमूच्या शुभेच्छुकांत घोडा आहे, मावशी नाही.

जिला न्हाऊमाखू घातलं, जिच्या लग्नात माझे पाय सुजले, तिच्या फ्लेक्सवर मला घोड्याच्या बरोबरीचीही जागा नाही! मला फार लागलं ते. तिथेच रडू आलं, आणि भाजीवाली म्हणाली, "कांदा एवढा बी तिखट नाय हो."

आता तू म्हणशील, नमू तर फोटो मागायला आली होती. हो, आली होती. मनोजही होता. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला ते लिहायचं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, तुझा फोटो पायजे फ्लेक्सला." मी म्हटलं, "नको गं बाई. माझं वय आता भिंतीवरच्या फोटोचं. नाक्यावर कशाला टांगतेस?" आणि मनोज म्हणाला, "बरं."

बरं! पदू, बरं म्हणाला तो! चहा प्याला, दोन चकल्या उचलल्या आणि गेला. ते येणार हे मला सकाळीच कळलं होतं. मी मोरपंखी साडी नेसून बसले होते, तोंडाला पावडर लावली होती, मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. भर दुपारी घरात कुणी कुड्या घालून नको म्हणतं का? माझं ते नको पंगतीतलं नको होतं. पंगतीत आपण पानावर हात आडवा धरतो, म्हणजे जिलबी नको असते का? नको म्हटलं की वाढायचं असतं. आपल्याकडे माणूस एका आग्रहात कधी जेवला आहे? ह्या पोरांना कुणी शिकवलंच नाही. सगळे बुफेत वाढलेले.

आणि समीक्षाताईंनी काय केलं, माहीत आहे? मी मागे दाराशी बसले होते. त्या स्वतः उठून आल्या. "मावशी, पुढं बसा." मी म्हटलं, नको, इथे बरं आहे. "असं कसं? तुमी नाय तर कोन बसनार पुढं?" मी म्हटलं, नको हो, गुडघे दुखतात. तर त्यांनी माझा हात धरला आणि खुर्ची आणवली, प्लास्टिकची नाही, गादीची. मग ते उपरणं आलं. त्यालाही मी आधी नकोच म्हटलं, आणि त्यांनी परत आग्रह केला. पदू, आग्रह केला गं तिनं. मी त्या आग्रहाला विकले गेले. पक्षबिक्ष मला काय कळतो?

पण परवा गिरणीत दोघी बोलत होत्या. मी आत तांदूळ पाखडत होते हे त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणाली, "नम्रता पोरगी चांगली हाय, पन सख्खी मावशी तिच्यासंगं नाय. कायतरी आसंल म्हनून ना? आपन कशाला मत द्यायचं?" माझ्या हातातलं सूप गळलं. माझ्या रुसण्यापायी पोरीची मतं जायला लागली, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटलं होतं, नमू धावत येईल, मावशी असं का केलंस म्हणेल, मी जरा वेळ तोंड फिरवीन, आणि झालं. ती आली नाही. ती घरोघर फिरते आहे, तिला कुठला वेळ? दळण तिथेच टाकून मी घरी आले.

तशीच मग प्रीतमकडे गेले. म्हटलं, बातमी काढून टाक. तो कुणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता. म्हणाला, "मावशी, बातमी काडता येत नाय, पंधरा हजार लोकांनी बघितली. पन दुसरी घालता येती. 'मावशीची घरवापसी'. एकदम जोरात चालंल." मी म्हटलं, अरे मेल्या, मी घर सोडलं कधी? "त्ये मला माईत नाय. प्रवेशाचा व्हिडिओ हाय, मंग वापसीचा पन व्हिडिओ पायजे. स्टेजवर, नम्रताताईंच्या पक्षाचं पोपटी उपरनं घालताना. नुस्तं तोंडानं सांगितलं तर लोकं म्हनतील, दबाव आनला." मला त्याचा राग आला, पण वाटेत विचार केला तेव्हा पटलं. जे सगळ्यांसमोर गळ्यात घातलं ते सगळ्यांसमोरच बदलायला हवं. घरात बसून तुला पत्रं लिहून गिरणीतल्या बायकांना काय कळणार?

नमूची शेवटची सभा रविवारी संध्याकाळी चौकला आहे, असं रिक्षावरचा भोंगा सांगत फिरतो आहे. भोंग्याचं बोलावणं सगळ्या गावाला असतं. मी काही भोंग्यावर येणार नाही, मावशी आहे तिची. तू बोलाव. आधी ते ब्लॉक काढ आणि फोन कर. उपरणंही तूच घाल, मनोजला घालू देऊ नकोस, तो पुन्हा 'बरं' म्हणेल. डोळे मी या वेळी उघडे ठेवीन. आणि स्टेजवर सगळ्यांसमोर नमूला सांगेन की मावशीचं चुकलं. ते मला तिला कधीपासून सांगायचं आहे, पण एकटीनं तिच्या दारात जायला पाय उचलत नाही.

ते जांभळं उपरणं दाजींनी गुडघा शेकायला घेतलं आहे. निशाणी बरोबर वाटीवर येते. समीक्षाताई दिसल्या तर काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. बाईनं खुर्ची मात्र खरंच चांगली दिली होती.

डबा परत पाठवते आहे. भरून. चकल्या आहेत, मनोजला दोनच दे.

तर रविवारी तू फोन करशील. म्हणशील, "ताई, सभेला ये." माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. इतकं सगळं लिहूनसुद्धा तोंडातून जायचं ते जाईलच. मी नको म्हणेन. तू फोन ठेवू नकोस, पदू. परत एकदा म्हण.

शुभेच्छुक
(फोटो नसला तरी चालेल),
तुझी शकूताई