तटाच्या आतला नळ

१९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहायचं रोज मनात होतं, पण काही ना काही निघायचं. आधी चष्म्याची काडी मोडली. मग पेन सापडलं तर कागद आखीव नव्हता, आणि कोऱ्या कागदावर माझ्या ओळी उताराला लागतात. फोन करावा तर तुला ऐकू कमी येतं, मग मला ओरडावं लागतं, आणि सगळ्याच गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस?

इकडचं विशेष म्हणजे मागच्या आठवड्यातल्या शनिवारी आम्ही तटबंदीचं जुनं गाव बघायला गेलो होतो. मुलगा, सून, नात चिमणी आणि मी. एक रात्र मुक्कामही केला. मुलगाच म्हणाला, "बाबा, चला, सगळे मिळून कुठंतरी जाऊ." आता सांग, इतक्या वर्षांत ह्याला कधी 'सगळे मिळून' सुचलं होतं का? मला तिथेच शंका आली. तू मला शंकासुर म्हणतेस ते काही उगाच नाही. त्यातून सुनेनं माझी पिशवी भरली ती सगळ्यांच्या पिशव्यांहून मोठी. एका रात्रीसाठी दोन स्वेटर, औषधांचा अख्खा डबा, जादा चपला. गाडीत मी खिडकीबाहेर कमी आणि त्या पिशवीकडेच जास्त बघत होतो. येताना ती परत गाडीत चढणार की नाही, एवढंच मनात.

पण गाव मात्र बघण्यासारखं आहे हो. चारी बाजूंनी दगडी तट, इतका रुंद की वरून माणसं गप्पा मारत फिरतात. आत गल्ल्या अशा अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका एकमेकींना डबे देतात. पहारेकऱ्यांच्या कोनाड्यात एका न्हाव्यानं खुर्ची टाकली आहे. एका तोफेवर कुणाचे तरी मोजे वाळत होते. चिमणी म्हणाली, "आजोबा, तोफेला थंडी वाजते." मी पोट धरून हसलो.

माहिती सांगायला एक बाई होती. गळ्यात शिट्टी, हातात छत्री, आवाज खणखणीत. सगळे लोक बुरुजांचे फोटो काढत होते, आणि तुला माहीत आहे, माझा सगळा जन्म नळ जोडण्यात गेला, मी बघत होतो पाणी येतं कुठून आणि जातं कुठे. बाईंना विचारलं, वेढा पडला तर आत पाणी कसं? त्यांनी जमिनीखालचं टाकं दाखवलं. मग विचारलं, सांडपाण्याचं काय? शत्रूनं टाक्यात काही टाकलं तर? झाकण कोण उघडायचं? बाई आधी कौतुकानं सांगत होत्या, नंतर छत्री आपटायला लागल्या.

मुख्य दरवाजाच्या वर, कमानीत भोकं दिसली. मी चारचौघांत ठासून सांगितलं, की ही पावसाचं पाणी काढायला ठेवलेली, उताराचा अंदाज बघा. बाई म्हणाल्या, "नाही आजोबा, ह्यातून खालच्या शत्रूवर उकळतं तेल ओतायचे." मुलगा म्हणाला, "बाबा, पाहुण्यांच्या आंघोळीची सोय होती ती." सगळे हसले. मीही हसलो, पण अजून मला वाटतं की भोकाला उतार आहे.

त्या दरवाजाला एक छोटी दिंडी आहे, म्हणजे दारातलं दार, माणूस वाकून जाईल एवढंच. पूर्वी मोठं दार बंद झाल्यावर कुणी आलं तर आतला पहारेकरी विचारायचा, कोण? आणि ज्याला आत यायचं आहे त्यानंच उत्तर द्यायचं. सोबतच्यानं सांगितलेलं चालायचं नाही. मी विचारलं, आलेला माणूस लाजाळू असेल तर? बाई म्हणाल्या, "मग बाहेर झोपायचं." मला ते फार चमत्कारिक वाटलं. त्या विचारात वाकायचं राहिलं आणि डोकं आपटलं. फार नाही, टेंगूळ उतरलं आता.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. मुलगा दिवसभर माझ्या बाजूला यायचा, खाकरायचा आणि म्हणायचा, "बाबा, एक बोलायचं होतं." की मी लगेच विचारायचो, अरे, हा दगड कुठल्या खाणीतला असेल? तो सुनेकडे बघायचा, सून त्याच्याकडे. 'तू सांग', 'तू सांग' असं डोळ्यांनीच चाललेलं. आमच्या घरात वाईट बातमी पोस्टातल्या बेवारस पार्सलासारखी पडून राहते, कुणी सही करून घेत नाही. बाईंना वाटलं असेल, म्हातारा काय चौकस आहे! अर्धी चौकशी खरी होती. उरलेली म्हणजे तट बांधणं चालू होतं माझं.

उतरलो होतो तटाला लागूनच्या एका घरात. घरमालकीणबाई दोन खोल्या भाड्यानं देतात. संध्याकाळी त्या बाजारात गेल्या होत्या, आणि न्हाणीघरातला नळ गळत होता. टप, टप. तू म्हणशील, गळू दे की एक रात्र. मला होत नाही ते. वॉशर गेला होता, दुसरं काही नव्हतं. पान्हा आणि दोनचार वॉशर माझ्या खिशात असतातच. जिन्याखाली एक कॉक दिसला, तो बंद केला आणि नळाचं डोकं सोडलं.

ताई, हाताखालच्या प्रत्येक पोराला मी आयुष्यभर एकच शिकवलं, की कॉक बंद केल्यावर आधी नळ उघडून बघ, पाणी थांबलंय का. ते मीच विसरलो. कॉक दुसऱ्याच नळाचा निघाला. पाणी सुटलं ते थेट छताला. मी ओरडलो. मुलगा धावत आला आणि त्यानं दोन्ही तळवे नळावर दाबले. सुनेनं वरून टॉवेल दाबला. डोकं परत बसवायला गेलो तर पाण्याच्या जोरानं आटा धरेना. चिमणीला मालकीणबाईंना आणायला बाजारात पिटाळलं. राहिलो आम्ही तिघं, एका नळाला चिकटून, नखशिखांत भिजलेले. सोडलं तर घर बुडतंय, त्यामुळे कुणाला कुठे जाता येईना.

सून वैतागली होती. टॉवेल दाबता दाबता म्हणाली, "बाबा, आत्यांकडे राहायला गेलात की हे उद्योग करू नका हं! तिथे धरायला आम्ही नसणार."

मुलगा म्हणाला, "अगं…" ती म्हणाली, "अगं काय? सकाळपासून तू दगड बघतोयस नुसते."

मग तशाच अवस्थेत त्यानं सगळं सांगितलं. त्याला कंपनी दूर देशी पाठवते आहे, तीन वर्षांसाठी. बायको-मुलीला नेता येतं, बापाला नाही, निदान लगेच तरी नाही. गेल्या महिन्यात कामाचं निमित्त सांगून तो तुझ्याकडे येऊन गेला, हे मला तेव्हा कळलं. आणि तू काय म्हणालीस तेही त्यानं सांगितलं. "त्याला यायचं असेल तर त्यानं स्वतः मला विचारावं. तुमच्या तोंडून नको."

मी म्हटलं, आणि माझी पिशवी एवढी मोठी का? सून रडता रडता हसायला लागली. "अहो, तुम्हीच कुठंही गेलं की दर तासाला विचारता, हे घेतलं का, ते घेतलं का! म्हणून ह्या वेळी सगळंच घेतलं." तेवढ्यात मालकीणबाई आल्या. खरा कॉक फुलझाडाच्या कुंडीमागे होता. त्या चिडल्या नाहीत, कोरडे पंचे दिले, पण माझ्या खिशातला पान्हा मात्र सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवून घेतला.

सकाळी मी आणि मुलगा तटावरून चक्कर मारून आलो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणालात तर नाही जात." मी म्हटलं, वेडा आहेस का, जा. हे मात्र मी न अडखळता म्हणालो. पिशवी परत गाडीत चढली. मी बघितलं.

त्याला आता आठवडा झाला. कागद आखून ठेवला आहे तेव्हापासून.

ताई, मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, त्यामुळे कसं मागतात ते नीट येत नाही. लोकांनी बोलावलं, मी गेलो, नळ जोडला, आलो. तुझं घर लहान आहे. तुला एकटं राहायची सवय आहे. मी रात्री दोनदा उठतो, दाराची कडी पुन्हा पुन्हा बघतो, आणि रेडिओ लावला तर तुला ऐकू येणार नाही पण शेजाऱ्यांना येईल. हे सगळं आधी सांगून ठेवतो. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? हे मीच विचारतो आहे, कुणी सांगितलं म्हणून नाही.

नाही म्हणालीस तर मुलानं एक दुसरी जागाही बघून ठेवली आहे, स्वच्छ आहे म्हणतात, तेव्हा माझी काळजी म्हणून हो म्हणू नकोस. पण जे असेल ते लवकर कळव. लांबलचक लिहू नकोस, एका ओळीचं कार्ड चालेल. मी रोज दुपारी दाराशीच बसलेला असतो. हो असेल तर एवढंच लिही, की येताना पान्हा आणू नकोस.

वाट बघतो आहे.

तुझा धाकटा,
शंकासुर